कच्चं जवस की उकळलेलं

नाताळानंतर विल्फ्रेड म्हाताऱ्याने पोटच्या पोराला ओळखणं सोडलं. नॉरिस दर रविवारी रॉचडेलच्या वृद्धाश्रमात जायचा, आणि बाप त्याला कधी गॅसवाला समजायचा, कधी पाद्री. शेवटी तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "त्यांच्या रोजच्या हातातली एखादी वस्तू आणून बघा. डोकं विसरतं हो, हात नाही विसरत."

हातात दुसरं काय असणार! गिरणी सुटली की म्हातारा क्लबात, आणि क्लबात हातात स्नूकरची काठी. नॉरिसने ती माळ्यावरून काढली. टोकाकडे सुकलेली, धरायच्या जागी काळीकुट्ट. अशी नेली तर बाप म्हणेल, पोराला साधी काठी सांभाळता आली नाही. तेल द्यायलाच हवं होतं, आणि तेही योग्य तेल.

इथे सिरिल आला. सिरिल म्हणजे बायकोचा भाऊ. क्लबात खेळायचा कमी, शिकवायचा जास्त.

"जवसाचं घे, पण कच्चं. उकळलेलं लावलंस तर काठी चिकट होऊन बसेल."

"दुकानदार म्हणतो, सागाचं घ्या."

"त्यात साग औषधालासुद्धा नसतो! त्याचा बाप तरी खेळलाय का स्नूकर?"

"आणि लिंबाचं?"

"माशाबरोबर खायचीय का काठी?"

नॉरिसने तरी तिन्ही आणली. झाडूच्या दांड्यावर पट्टे ओढले, वास घेतले, बोटं फिरवून पाहिली. "माझ्या पाठीला कधी इतक्या प्रेमाने बाम लावलास का रे?" बायको म्हणाली. नॉरिसने पुढचा पट्टा ओढला. या सगळ्या नादात दोन रविवार बापाकडे जायचंच राहून गेलं, पण बापासाठीच तर चाललं होतं ना!

शेवटी कच्चं जवस ठरलं. मग सिरिलला नवीन शंका आली. "एवढ्या मळावर तेल मुरणार कसं? आधी घासून काढ." नॉरिसने ओल्या फडक्याने पुसली, मग अगदी बारीक पॉलिश पेपर फिरवला. चिप्सचं तेल, बिअर, काठीच्या टोकाला घासायचा निळा खडू, घाम, सगळं निघून आलं. फडकं असं काळं झालं की नॉरिसला बापाचीच लाज वाटली. मग थेंब थेंब तेल चोळलं, वाळू दिलं, पुन्हा चोळलं. काठी मधाच्या रंगाची झाली.

रविवारी ती बापाच्या हातात दिली मात्र, म्हातारा ताडकन उभा राहिला! कोपर वर, एक डोळा बारीक, नजर थेट टोकावर. नॉरिस एक पाऊल पुढे झाला. बाप आता नावाने हाक मारणार, आत्ता मारणार, असं त्याला वाटलं.

म्हाताऱ्याचा हात मागे सरकला, धरायच्या जागी आला. तिथे तो काहीतरी चाचपत राहिला. पुन्हा एकदा चाचपलं, आणि कोपर खाली आलं.

"छान आहे हो. मनापासून जपलीय तुम्ही. कोणाची?"

"बाबा, तुमचीच आहे. तुमचीच!"

"छे हो! माझी कुठली एवढी गुळगुळीत. माझी मळकट." काठी त्याने दोन्ही हातांनी, सांभाळून परत दिली. "जाताना आठवणीने न्या, इथे वस्तू हरवतात. माझी येतेच आहे. आमचा नॉरिस आणणार आहे, नर्सबाई म्हणाल्या. दोन रविवार झाले, फिरकला नाही, पण येईल."