डावखुऱ्या हातांचं चित्र

मी एक जुना, चावीचा कॅमेरा आहे. मित्रांनो, आता माझं भिंग धुरकटलंय, चावीही धड फिरत नाही. पण एके काळी माझा तोरा काय सांगावा! मुंबईच्या टेलिव्हिजन केंद्रात मी कोरा करकरीत आलो आणि हिंदुरावांच्या हाती पडलो. ते मूळचे माढ्याचे. आधी सोलापुरात वर्तमानपत्रात बातम्या लिहायचे, मग टीव्हीवर आले. कुठे काही काळंबेरं असलं की ते खणून काढायचं, हेच त्यांचं काम. कौतुक त्यांचं व्हायचं, फुगायचो मी.

अठ्ठ्याहत्तर साली आम्ही सोलापूरला गेलो. तिथली एक बिडी कंपनी बायकांनी वळून आणलेल्या चांगल्या बिड्याही खराब ठरवून बाजूला काढायची. त्याला 'छाट' म्हणत. छाटीची मजुरी नाही, आणि बिड्या मात्र गुपचूप विकायच्या. बोलायला कुणी बाई तयार होईना. बिड्या वळायला लागणारा पान-तंबाखू कंपनीच द्यायची. तिने हात आखडला की चूल बंद. शेवटी रत्नम्मा तयार झाली. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्याच बिड्यांवर चालायचं. तिची एकच अट होती.

"सगळं सांगते की सायेब. पण माझं तोंड दिसू देऊ नका."

हिंदुरावांनी शब्द दिला आणि पाळलाही. आवाजसुद्धा दुसऱ्या बाईचा घातला. मला त्यांनी फक्त तिच्या हातांवर रोखलं. रत्नम्मा डावखुरी. डाव्या हाताने ती असा झरझर दोरा गुंडाळायची की बघत राहावं. पुन्हा पुन्हा चावी देऊन आम्ही तेच हात टिपले.

मुंबईत वाहवा झाली. कंपनीला छाट बंद करावी लागली. पण कार्यक्रम दाखवला त्या संध्याकाळी कंपनीचे मालक पुण्याला व्याह्यांकडे टीव्हीसमोरच बसले होते. परत येऊन त्यांनी बिड्या तपासणाऱ्या तिप्पण्णाला एवढंच विचारलं, की आपल्याकडे डाव्या हाताने वळणारी कोण. तशी एकटी रत्नम्माच होती. तिचा पान-तंबाखू बंद झाला. इतर कंपन्यांनीही तिला दारात उभं केलं नाही.

हे कळताच हिंदुराव मला घेऊन तडक तिच्याकडे गेले. अंगणात शेजारणी बिड्या वळत होत्या, पुरी मजुरी मिळते म्हणून खुशीत होत्या. रत्नम्मा लोकांची भांडी घासून नुकतीच आली होती. तिने आम्हाला पाणी दिलं. हिंदुरावांनी हात जोडून माफी मागितली.

"बायांचं चांगलं झालं, ते खरं हाय," ती म्हणाली. "तुमचं चुकलं, तेबी खरं. पण माफ करून माझ्या घरात पान-तंबाखू येतो का सायेब?"

पुढे हिंदुरावांनी मोठं नाव कमावलं आणि मी कपाटात गेलो. पण माझं मन मला खातं. तोंड झाकलं म्हणजे माणूस झाकला, असं आम्हाला वाटलं होतं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ एक वेळ नका पुसू. पण कुणी विश्वासाने तुमच्यासमोर बसलं, तर त्याचं चित्र जगाआधी त्याला दाखवा. रत्नम्माने ते पाहिलं असतं, तर तिनेच आम्हाला थांबवलं असतं. पण आम्ही ते तिला दाखवलं नाही, आणि तिच्या वस्तीत टीव्ही नव्हता. स्वतःचे ते हात तिने कधी पाहिलेच नाहीत.