कॅमेऱ्याचं तोंड

मॅडमनी कालच्या सादरीकरणाची चित्रफीत सुरू केली आणि रुग्णालयात औषधांचं प्रशिक्षण घेणाऱ्या पाचही फार्मसी रेसिडेंटच्या तोंडचं पाणी पळालं. कॅमेऱ्याचं तोंड सादरीकरण करणारीकडे नव्हतंच. समोर बसून तिला गुण देणाऱ्या बाकीच्या रेसिडेंटकडे होतं.

"आज परीक्षा तुमच्या अभिप्रायांची," मॅडम म्हणाल्या.

जाड चष्म्यामुळे जिला सगळे भिंगू म्हणत, ती जागच्या जागी गार पडली. काल तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं तान्ह्या बाळांच्या अँटिबायोटिकच्या डोसचा तक्ता मांडून सादरीकरण केलं होतं. मैत्रीण आधी एकदा नापास झालेली. पुन्हा झाली असती तर सहा महिने मागे.

अकरावं मिनिट आलं. पडद्यावरच्या भिंगूच्या भुवया वर गेल्या. तिनं तळहातावर पेनानं आकडेमोड केली, मैत्रिणीकडे पाहिलं, हात ओढणीला पुसला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तो कागद मॅडमनी वाचून दाखवला : "फारच सुरेख. पाचपैकी पाच."

कुणीतरी खुदकन हसलं.

"काय गणित केलंस गं तळहातावर?" मॅडमनी विचारलं.

भिंगूनं तळहात मिटला. "डोस... तिप्पट होतोय."

मैत्रीण ताडकन उठली. "तुला कळलं होतं? आणि खोलीवर जाताना माझ्या गळ्यात गळा घालून पेढे मागत होतीस?"

"तू परत नापास झाली असतीस..."

"अगं बये, तो तक्ता मी आज सकाळी बालविभागात देऊन आलेय!"

मॅडमचाही चेहरा पांढराफटक पडला. चूक त्यांनी कालच टिपली होती; पण आजच्या चर्चेआधी तक्ता बाहेर जाईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी फोनवर झडप घातली.

"सिस्टर, अँटिबायोटिकचा नवा तक्ता वापरलात?"

"हो, पहिल्या बाळाची सिरिंज भरलीय. देतेच आहे."

"थांबा! देऊ नका. तक्ता बाजूला काढा, मी येतेय."

मॅडम धावतच गेल्या. मैत्रिणीनं वही उघडली.

"बोल. नीट, मला दुरुस्त करता येईल असं."

"सातवी स्लाइड. दिवसभराचा डोस तू एका वेळचा धरलास. तिनानं भाग. आणि वर ठळक लिही, 'एका वेळचा डोस'."

मैत्रिणीनं लिहून घेतलं. मान वर न करता विचारलं, "अजून?"

अजून दोन चुका होत्या. भिंगूनं त्या सांगितल्या.