ॲक्सोलॉटलचा पाय

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात झाडलोट करणाऱ्या चतुराबाईच्या मागे उन्हाळ्यात एक जास्तीचं काम लागलं. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेजश्री मॅडमनी काचेच्या टाकीत दोन ॲक्सोलॉटल पाळले होते, बेडकाच्या कुळातले, जन्मभर पाण्यात राहणारे. पालीएवढे, फिकट गुलाबी, मानेभोवती कल्ल्यांची झालर. त्यांना रोज खायला घालायचं. पाणीही गार लागायचं. वीज गेली की बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडायच्या, त्यासाठी दोन जिने चढायचे. चतुराबाईचे गुडघे पार गेले होते.

एका सकाळी धाकट्याचा पुढचा पाय दिसेना. थोरल्याने तोडला होता. तिने मॅडमना बोलावलं. मॅडमनी धाकट्याला वेगळ्या टाकीत ठेवलं.

"पाय परत येईल मावशी. हाडासकट."

"कायबी सांगता."

"म्हणून तर शास्त्रज्ञ ह्याचा एवढा अभ्यास करतात. हा मेक्सिकोचा. मरण चुकवायला एक देव ह्याच्या रूपात पाण्यात लपला, असं तिथले लोक पूर्वीपासून सांगतात. आता त्यांच्या तळ्यात फार थोडे उरलेत."

चतुराबाईने डावा हात पुढे केला. ऊसतोडीत कोयत्याने दोन बोटं नेली होती. "ह्याच्यावर निघंल का काही?"

मॅडमनी बोटांची थोटकं जवळून पाहिली. "निघेल कधीतरी. आपल्या हयातीत नाही वाटत."

"खरं सांगितलं, बरं झालं."

बोटं तुटली त्या दिवशी उसाच्या फडात तिने जखमेला हळद लावून चिंधी गुंडाळली होती, आणि दुपारी पुन्हा मोळ्या बांधल्या होत्या. ह्या जिवाला मात्र बर्फ. एका दुपारी वीज गेली तेव्हा ती पायरीवर बसूनच राहिली. जाऊ दे मरू दे, असं मनात आलं. पाऊण तासाने उठली. पाणी कोमट झालं होतं, धाकटा तळाशी निपचित. तिने बाटल्या सोडल्या आणि तो हलेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली.

तुटल्या पायाच्या जागी आधी नुसता कोंब आला, मग वल्ह्यासारखं काहीतरी. जून सरता सरता तिने मॅडमना फोन लावला.

"चार बोटं आलीत. मोजली मी."

"आवाज दमलेला वाटतोय. थकलात ना मावशी? उद्या सुट्टी घ्या."

"लई थकले," ती म्हणाली. "पर उद्या त्याला खायाला कोन घालील?"