खुर्चीवाल्याने शिवलेला लग्नाचा झगा

मी सोफ्यांना आणि खुर्च्यांना कापड चढवणारा माणूस. उभा जन्म त्यात गेला. माझ्या गिऱ्हाइकाला चार पाय असतात, ते जागचं हलत नाही आणि माप घेताना पोट आत ओढत नाही. त्यामुळे माझा असा समज झाला होता की आपल्याला कपड्यातलं कळतं. तो समज कसा उतरला ते सांगतो.

कपड्यातलं खरं कळायचं ते आमच्या हिला. कारखाना म्हणजे दोनच खोल्या. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, मागे माझा फोम, लाकडाचा भुसा आणि गोंदाचा वास. मध्ये जाड पडदा. तो तिनेच लावलेला, तिची गिऱ्हाइकं माझ्या वासापासून आणि माझ्या विनोदांपासून वाचावीत म्हणून. मग तिची पाठ गेली. डॉक्टरने मशीनवर वाकायला मनाई केली. ती दिवसभर घरात बसून माझ्या चुका काढायला लागली, आणि माल भरपूर असल्यामुळे तिला वेळ पुरेना. शेवटी लेकीला माझी दया आली. तिने आईला कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यातलं एक जग दाखवलं.

तिथे प्रत्येकाची एक बाहुली असते. लेक तिला अवतार म्हणते. आपण घरी खुर्चीत बसायचं आणि बाहुलीने रस्त्यांवर हिंडायचं, नाचायचं, दुसऱ्यांच्या बाहुल्यांशी गप्पा मारायच्या. आपण टाइप करायचं, ते बाहुलीच्या डोक्यावर उमटतं. आणि या बाहुल्यांना कपडे लागतात. नुसते लागत नाहीत, फॅशनचे लागतात. गेल्या मोसमातला कोट घालून कोणी दिसला तर लोक बाजूला होऊन कुजबुजतात.

मी पोट धरून हसलो. ज्याला अंग नाही त्याला अंगरखा कशाला, असं म्हणालो, आणि त्या विनोदावर स्वतःच बरेच दिवस खूश होतो. ही शिकत राहिली. बघता बघता तिचं तिथे दुकान झालं. काचेची दारं, भिंतीभर आरसे, आणि मधोमध तिची बाहुली: उंच, सडपातळ, तांबड्या केसांची. खरी ही बुटकी, चष्मेवाली. ही भवानी कोण, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मीच. पाठ दुखली नसती तर अशी असते." तिथे तिला सगळे मावशी म्हणायचे.

गेल्या थंडीत ती दवाखान्यात गेली, ती परत आली नाही. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

लोक आले, बसले, गेले. नंतर भेटले तरी तिचा विषय टाळायला लागले. चांगल्या मनानेच टाळायचे. किराणावाला, जो तिच्याशी तासभर घासाघीस करायचा, तो मला पाहिलं की हवापाण्यावर बोलायला लागला. लेकीसमोर मी तिचं नाव काढत नव्हतो, ती रडेल म्हणून. ती माझ्यासमोर काढत नव्हती, मी रडेन म्हणून. अशा रीतीने आम्ही दोघांनी मिळून तिला घरातून पुसून टाकलं होतं.

मग लेक एकदा फोनवर म्हणाली की आईचं त्या जगातलं खातं बंद करायला हवं, बाबा, तुम्ही कॉम्प्युटर उघडा, मी सांगते तसं करा. उघडतो, म्हणालो. पण ती सांगायच्या आधी एका दुपारी मी एकटाच तो उघडून बसलो. दुकान लागलं. मधोमध तांबड्या केसांची भवानी उभी. या बाहुल्या नुसत्या उभ्या असल्या तरी जरा हलतात. भार या पायावरून त्या पायावर घेतात, केस मागे सारतात. ती तशीच करत होती. मी बघत बसलो. तेवढ्यात पाठीला पंख असलेली एक बाहुली आत आली आणि तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली. मावशी, कुठे होता इतके दिवस? बऱ्या आहात ना?

इतक्या दिवसांत हिची चौकशी करणारं ते पहिलं माणूस. मी एका बोटाने लिहिलं, बरा आहे. मग खोडलं आणि लिहिलं, बरी आहे.

खातं बंद करायचं राहिलं. आज कामात होतो, असं लेकीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवून हात धुतले आणि पुन्हा जाऊन बसलो. रोज कोणी ना कोणी यायचं. मावशी, हा रंग मला जाईल का? मावशी, पाठ कशी आहे? मी हिच्यासारखी उत्तरं द्यायचो, निदान मला वाटायचं तशी. ही सटासट टाइप करायची, माझं एक वाक्य होईपर्यंत गिऱ्हाईक जांभई देऊन यायचं. आज एवढा वेळ का, असं कोणी विचारलं की बोटं आखडलीत म्हणायचो. ज्या बाहुलीला हाडं नाहीत तिला मी संधिवात जडवला. मला हे खोटं आहे हे कळत होतं. पण एकदा सांगितलं की ती तिथेही मेली. मग तिची विचारपूस करणारं जगात, या किंवा त्या, कोणीच उरणार नव्हतं. म्हणून मी आज नको, उद्या सांगू, असं करत राहिलो.

आणि पंखवालीचं लग्न आलं.

तिचा नवरा मुलगा खरोखरीच्या जगात तिच्यापासून फार लांब राहायचा, म्हणून लग्न तिथेच करायचं ठरलं होतं. मावशीने तिला पायघोळ झगा कबूल केला होता. वरचा भाग तयार होता, पंखांसाठी पाठीला दोन देखण्या फटीसुद्धा ठेवलेल्या होत्या. खालचा घेर राहिला होता. पंखवालीने विचारलं, होईल ना? मी तिला थांबवून सांगायला हवं होतं. मी लिहिलं, हो, त्यात काय.

त्यात काय ते दुसऱ्याच दिवशी कळलं. त्या कामाची रीत अशी. कापडाचे तुकडे सपाट काढायचे, कोणती कड कोणत्या कडेला जोडायची ते सांगायचं, आणि मग बटण दाबायचं. दाबलं की कापड आपल्या वजनाने बाहुलीच्या अंगावर पडतं. माझं पहिलं कापड बाहुलीला टाळून थेट जमिनीवर पडलं. दुसरं छताला जाऊन चिकटलं. तिसरं अंगावर बसलं, पण नवरी दोन माणसं बसायच्या सोफ्यासारखी दिसत होती. बाजूला उशी ठेवायची तेवढी राहिली होती. कापड पडू द्यायचं, ही कल्पनाच मला झेपेना. माझ्या धंद्यात कापड पडलं म्हणजे काम बिघडलं. आम्ही ताणतो आणि ठोकतो.

आणि एक दिवस मला त्यात पिन मारायची सोय सापडली. कापडावर जिथे बोट ठेवाल तिथे पिन, की तेवढं कापड हलायचं नाही. माझा जीव भांड्यात पडला. शेवटी माणूस आपल्या मुलखात आला. मी शिरस्त्याप्रमाणे मधून सुरुवात केली, समोरासमोर ताण देत कडेपर्यंत गेलो आणि घेराला पिनाच पिना मारल्या. सुरकुती म्हणून राहू दिली नाही. असा गुळगुळीत झगा झाला की त्यावर चहा सांडला असता तर ओल्या फडक्याने पुसून घेता आला असता. मी खुर्चीत मागे टेकलो आणि मनात म्हणालो, हिने पाहायला हवा होता.

पंखवाली घालून बघायला आली. झगा अंगावर आला. तिने सगळ्या बाजूंनी निरखला. एक चुणी नाही हो मावशी, असं लिहिलं. मी फुगलो. आमच्यात कापडाला सोसेल तेवढाच ताण द्यायचा असतो, असं काहीतरी शहाणपणाचंही लिहिणार होतो, पण बोट पुरलं नाही. तेवढ्यात तिने लिहिलं, चालून बघते.

ती चालली. झगा चालला नाही.

मी पिना बाहुलीला मारल्याच नव्हत्या. हवेला मारल्या होत्या. सोफा काय, चौकटीला ठोकला की झालं, तो कुठे उठून जाणार आहे? नवरी उठून जाते हे माझ्या हिशेबातच नव्हतं. पंखवाली चार पावलं पुढे गेली, अंगात त्या बाहुल्यांना जन्मजात असतो तो राखाडी आतला पोशाख, आणि मागे झगा जागच्या जागी उभा. छाती भरलेली, कंबर बारीक, घेर चारी बाजूंना फुललेला, आणि आत कोणी नाही. मी सवयीने मान वळवून भिंतीकडे बघायला लागलो. मग आठवलं की मी बाई आहे, बघायला हरकत नाही.

पंखवाली परत येऊन झग्याभोवती फिरली. हसेल असं वाटलं. हसली नाही.

"हा मावशींनी नाही शिवला," तिने लिहिलं.

मी लिहिलं, बोटं आखडलीत.

"बोटं आखडली तरी मावशी पिना मारणार नाहीत. मला ओरडल्या होत्या त्या पिनांवरून. मावशी कुठे आहेत?"

पडद्यावर तांबड्या केसांची बाहुली या पायावरून त्या पायावर भार घेत होती. आणखी एक थाप मारता आली असती. मला थापा सुचत होत्याच. पण हे पोर त्या रिकाम्या झग्यापाशी उभं राहून विचारत होतं आणि लग्न तिचं होतं. मी लिहिलं, "मी तिचा नवरा. ती गेली. थंडीतच गेली." लिहून झाल्यावर ते वाचलं. मी ते तोवर कुठेच लिहिलं नव्हतं. मग पाठवलं.

पंख हलत होते, ते आपोआप हलतात. चेहऱ्यावर हसू होतं, ते बंद करायचं बटण वेगळं असतं. मला वाटलं, आता शिव्या येतील, आणि त्या घ्यायला मी तयार होतो.

"तुम्ही खुर्चीवाले का?" तिने विचारलं.

हो म्हणालो.

"तुमच्याबद्दल खूप बोलायच्या."

काय बोलायची, हे विचारायला माझा धीर होईना. माझे अंगरख्याचे विनोद तिथवर पोचले असणार. तरी विचारलं. मग पंखवाली लिहीत गेली. मावशी सांगायच्या, आमचे हे दुपारी चहा घेऊन येतात आणि कप ठेवून जातो जातो म्हणत मागेच उभे राहतात. कापड बाहुलीवर कसं पडतं ते बघायचं असतं, पण हसून ठेवलंय ना, आता विचारणार कसं? म्हणून त्या सगळी तयारी करून थांबायच्या आणि कपाचा आवाज आला की मगच बटण दाबायच्या.

मी कप ठेवून पाठीमागे उभा राहायचो, हे खरं. चहाचा कप परत नेण्यासाठी थांबलोय असं दाखवायचो. आणि दर वेळी नेमका मी असतानाच कापड पडायचं, याला मी माझं नशीब समजत होतो. मी खुर्चीतून उठलो, खोलीत एक फेरी मारली आणि परत बसलो. पंखवालीने मधल्या काळात लिहिलं होतं, आहात का?

आहे, म्हणालो. मग तिने विचारलं की बाकीच्यांना सांगू का. मी म्हणालो, आज नको. आणि मग म्हणालो, नाही, सांग. पण मला येऊ दे, मी असताना सांग.

संध्याकाळी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी रडली. मग मी नवरीचे कपडे हवेला ठोकले हे ऐकून एवढी हसली की तिला फोन ठेवावा लागला. रविवारी ती घरी आली आणि मला माझी स्वतःची बाहुली करून दिली. फुकटात मिळते ती, टक्कल आणि राखाडी पोशाखातली. अंगात काय घालू, म्हणाली. मी शिवलेलं काही नको, म्हणालो. एक गोष्ट तिने आधीच समजावली. मी माझ्या नावाने आत गेलो की आईची बाहुली दुकानात नसेल, दोघं एका वेळी दिसणार नाहीत. ठीक आहे, म्हणालो. ठीक नव्हतं. पण गेलो.

दुकान भरलं होतं. मध्ये तो झगा तसाच उभा. पिना कशा काढायच्या ते मला येत नव्हतं आणि जागचा तो कोणाला हलवता येईना, त्यामुळे सगळे त्याला वळसा घालून वावरत होते. पंखवाली लग्नात मावशीने पूर्वी शिवलेलाच एक घालणार होती, फॅशन गेलेला. लोक कुजबुजतील, असं मी तिला सांगून पाहिलं. कुजबुजू देत, म्हणाली.

तिने सगळ्यांना सांगितलं. त्या जगात सांत्वनाची बटणं फारशी नाहीत. कोणी मान झुकवली, कोणी गुडघ्यावर बसलं. कोल्ह्याचं डोकं असलेल्या एका थोराड गृहस्थाने घाईत भलतंच बटण दाबलं आणि तो माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून नाचायला लागला. नाच थांबेपर्यंत तो माफी मागत होता. मी त्याला लिहिलं, असू द्या, हिला आवडलं असतं. ते खरंच होतं. कोणाची फजिती झाली की हिला हसू आवरायचं नाही, दवाखान्यातसुद्धा आवरलं नव्हतं.

हेच मी त्यांना सांगायला लागलो. मग एकीने विचारलं की मावशी खऱ्या कशा दिसायच्या, तशाच उंच होत्या का? तोवर माझ्याभोवती गोल करून सगळे बसले होते. पंखवाली पुढे, कोल्हा तिच्यामागे. लेक माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून पडद्याकडे बघत होती. म्हणाली, बाबा, मी टाइप करून देऊ का, लवकर होईल.

नको, म्हणालो, आणि ब शोधायला लागलो. बुटकी होती, इथून सुरुवात करायची होती.