बॉनेटवरची फिल्म

आमच्या घरात कुठल्याही वस्तूला उघडं राहायची परवानगी नाही. रिमोटला प्लास्टिक, फ्रिजच्या हँडलला फडकं, सोफ्याला कव्हर, आणि पाहुणे आले की त्या कव्हरवर जुनी चादर. पाहुणे गेले की चादर काढून घडी घालायची. सोफ्याचा खरा रंग कोणता, हे मला आता आठवतही नाही. ही सगळी हुशारी माझ्या नवऱ्याची. भूपेंद्र त्यांचं नाव, सुरतच्या कापड मार्केटात दुपट्ट्यांचं दुकान आहे, आणि गोडादऱ्याच्या आमच्या सोसायटीत त्यांच्याइतका जपून जगणारा माणूस सापडायचा नाही. जपतात कशासाठी, ते मात्र त्यांनाही सांगता येणार नाही.

अशा माणसाने गाडी घेतली. पांढरी. पांढऱ्यावर डाग दिसतात, हा शोध त्यांना गाडी घरी आल्यावर लागला. मग गाडीला कव्हर आलं, कव्हरवर माझी जुनी साडी आली, आणि हे मार्केटला जायचे बाईकवर. गाडी बाहेर निघायची ती रविवारी पहाटे, रस्त्यावर चिटपाखरू नसताना. एकदा कुणाच्या तरी पोराने मागच्या काचेच्या धुळीत बोटाने फूल काढलं, तर ह्यांनी त्याच्या बापाला खाली बोलावून घेतलं. मला त्या दिवशी सोसायटीत तोंड दाखवायची लाज वाटली.

त्यातच त्यांना फिल्मचं वेड लागलं. गाडीच्या कलरवर काचेसारखी आरपार दिसणारी फिल्म चिकटवतात म्हणे, ओरखडा पडला तर फिल्मवर पडतो, खालचा कलर कोरा राहतो. झालं. जेवताना मोबाईलवर तेच व्हिडिओ. कुणी परदेशी माणूस चावीने गाडी खरवडतोय आणि आमचे हे घास हातात धरून बघतायत. "लावली तर खर्च आहे, नाही लावली तर कलर जाईल," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की कुकरच्या शिट्टीतही तेच ऐकू यायला लागलं. शेजाऱ्यांना विचारलं, गुमास्त्याला विचारलं, दाढी करणाऱ्याला विचारलं. निर्णय काही होईना. लग्नाला मुलगी पसंत करताना एवढा विचार केला असता तर मी वाचले असते.

अशात एका संध्याकाळी ह्यांची थोरली बहीण आली. मालतीताई लिंबायतला भाड्याच्या खोलीत राहते. आमचे दाजी कापडाच्या लूमवर कामाला होते, ते गेल्यापासून साड्यांना खडे चिकटवायचं काम घरी आणून तिने पोरीला वाढवलं. त्याच पोरीचं, वर्षाचं, लग्न ठरलं होतं. पाठवणी मामाच्या गाडीतून करू, हे ह्यांनी गाडी घेतली त्या दिवशी पेढा खाता खाता कबूल केलेलं होतं. पेढा तोंडात असला की माणूस काहीही कबूल करतो. पण ताई आली होती ती आणखी एका गोष्टीसाठी.

सुरतेत नवरी सासरी निघताना माहेरच्या भिंतीवर कुंकवाच्या हाताचा थापा देऊन जाते. गुजराती शेजारणींचं बघून आमच्या खानदेशी बायकांनीही हा रिवाज कधीच उचललाय. पोरगी गेली तरी तिचा हात घरात राहतो. ताईच्या घरमालकाने मात्र भिंतींना नुकताच रंग दिला होता आणि दारात येऊन बजावलं होतं, "दीवार पे कुछ नहीं लगाने का."

"माले काय भिंत शे, भाऊ?" ताई म्हणाली. "खोली त्यानी, भिंत त्यानी. वर्षाना थापा तुनी गाडीवर लागू दे. मामानी गाडी म्हंजे मायेरच शे ना."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सख्खी बहीण समोर बसलीय, आयुष्यात पहिल्यांदा काही मागतेय, आणि ह्या गृहस्थांच्या डोळ्यांसमोर पांढरा कलर.

"देखसू, ताई," एवढंच बोलले.

ताई खूश होऊन गेली. तिला 'बघू' म्हणजे 'हो' वाटलं, बिचारीला. तिची पाठ वळताच हे मला म्हणतात, "गाडी सर्व्हिसिंगला दिलीय असं सांगू का?"

मला इतका राग आला की हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. पण नवऱ्याला ओळखून होते. बहिणीसाठी हा माणूस हलणार नाही, कलरसाठी हलेल. म्हणून आवाज खाली आणून म्हटलं, "अहो, फिल्म लावून घ्या ना लग्नाआधी. मग थापा फिल्मवर लागेल, गाडीवर कुठे लागतोय?"

महिनाभर अडलेला निर्णय तिथल्या तिथे झाला. वर उपकार असे, की भाचीसाठी एवढा खर्च करतोय. फोनवर चार नातेवाइकांना तसं सांगूनही झालं.

भेस्तानला धर्मेंद्र नावाचा माणूस हे काम करतो. गाडी सोडायला मीही गेले होते. ह्यांनी त्याला पोलिसांसारखं विचारलं, कबुतर बसलं तर? डांबर उडालं तर? हळद-कुंकू?

"कुछ भी गिरे, सेठ," तो म्हणाला. "गीला कपड़ा मारो, साफ."

ह्यांना तेवढं पुरलं. लग्नाच्या दिवशी सुटाच्या खिशात रुमालाऐवजी ओलं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून निघाले. सख्ख्या भाचीच्या लग्नात मामा फडकं घेऊन फिरतोय! जेवणावळीतही त्यांची नजर पार्किंगमध्ये.

पाठवणी लिंबायतच्या खोलीवरून होती. घरमालक दाराशी हात पसरून उभा, भिंत कुणी चोरून नेईल असा. आमचे हे बॉनेटपाशी उभे. मला त्या दोघांत काडीचा फरक दिसेना. ताईने चाकाखाली नारळ ठेवला आणि ताट आणलं. थाप्याचं कुंकू पाण्यात कालवतात, ताईने हळद-कुंकू तेलात कालवलं होतं, चांगलं घोटून. का, ते मला लगेच कळलं. तिला तो टिकायला हवा होता.

वर्षाने हात बुडवला आणि बॉनेटवर ठेवला. दाबून ठेवला. रडायला लागली, तरी हात उचलेना. तिचा हात उचलला गेला मात्र, इकडे पिशवी उघडल्याचा आवाज आला. पोरीचा पाय अजून रस्त्यावर, आई गळ्यात पडलेली, आणि मामा फडकं घेऊन वाकलेले. करंगळी फरफटली, तेवढ्यात मी त्यांचं मनगट धरलं.

"पोरगी आधी गाडीत बसू द्या," मी म्हटलं. हळू बोलायचा प्रयत्नही केला नाही.

ताईने पाहिलं. त्या फरफटलेल्या करंगळीकडे पाहिलं, मग भावाकडे. लेकीच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि तिला आत बसवलं. वर्षाच्या सासरी, नवसारीपर्यंत, गाडी ह्यांनीच चालवली, आणि तो लाल-पिवळा हात सगळा रस्ता त्यांच्या नजरेसमोर होता. तेवढंच काय ते मला समाधान.

परत आल्यावर घासाघीस सुरू झाली. शॅम्पू, लिंबू, कसलासा स्प्रे. कुंकू बरंचसं गेलं, पण तेलातली हळद फिल्ममध्ये मुरून बसली. चार बोटं स्पष्ट, करंगळी लांबलेली. धर्मेंद्रने पाहिलं आणि म्हणाला, "नीचे का कलर एकदम नया है, सेठ. दाग फिल्म में है. रखो या बदलो."

पुन्हा तेच. ठेवू की बदलू, बदलू की ठेवू. मी म्हटलं, राहू द्या, मामाच्या गाडीला शोभतो. तर म्हणतात, "सोसायटीत लोक विचारतात, कुणाचा हात आहे म्हणून." भाचीचा आहे, असं सांगायला काय जिभेला काटा टोचत होता? शेवटी बॉनेटची फिल्म बदलायचं ठरलं.

मी सोबत गेले. धर्मेंद्र ती काढून चुरगळून टाकणार, तेवढ्यात म्हटलं, "तो हाताचा तुकडा मला द्या. जपून काढा." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मशीनने गरम हवा मारत मारत सावकाश सोडवला, गुळगुळीत कागदावर पसरून दिला. कडा थोड्या आकसल्या, पण हात अख्खा आला.

"कचरा कशाला घेतेस?" ह्यांनी विचारलं. मी तो कागद पदराखाली धरला. वाटेत उतरून रिक्षाने लिंबायतला गेले.

ताईच्या खोलीत भिंती घरमालकाच्या, पंखा घरमालकाचा, पण लोखंडी कपाट तिचं स्वतःचं आहे, लग्नात आलेलं. त्याच्या दारावर आम्ही दोघींनी तो तुकडा पाणी लावून ओल्या फडक्याने दाबून बसवला. ताईने त्यावर आपला हात ठेवून पाहिला. वर्षाचा हात तिच्यापेक्षा लहान. मग ती रडली, लग्नात रडली नव्हती तितकी, आणि मीही रडले.

राखीला हे तिच्याकडे गेले. राखी बांधून झाली, तोंडात पेढा होता, तेवढ्यात नजर कपाटावर गेली. उठले, जवळ जाऊन वाकले. मला वाटलं, आता तरी काही वाटेल. ह्या माणसाने डोळे बारीक करून कडेला बघितलं आणि अंगठा पुढे केला.

"ताई, अठे हवा ऱ्हाई गयी. दाबी देऊ का?"

ताईने ओवाळणीचं ताट खाली ठेवलं.

"नको, भाऊ," ती म्हणाली. "तुना हात लागी. दूरथीन देख."