मूळ नळीचा हट्ट

मी एक जुनी कॅम्पर गाडी बोलतेय. पुढे दोन सीटा, मागे झोपायचा बाक, कोपऱ्यात शेगडी, आणि त्या बाकाच्या खाली माझं इंजिन. हे सगळं सुरू झालं एका रविवारी सकाळी पावणेआठ वाजता. त्या वेळी डॅरल प्रिडमने मला एका शेडमागच्या गवतात पहिल्यांदा पाहिलं. माझ्या गंजक्या पत्र्याला गाल लावून तो म्हणाला, "अगं बाई! रंगसुद्धा ओरिजिनल!"

माझी दशा काय सांगू? गादीत उंदरांची बाळंतपणं झाली होती. पडद्यांना हिरवी बुरशी होती. शेगडीखाली काहीतरी कुजलं होतं, ते काय होतं हे मलाही कळलं नाही. मला माझीच शिसारी येत होती. आणि हा माणूस डोळे मिटून तो वास आत ओढत होता, जसा काही ताज्या पावाचाच वास!

खरा ताजा पाव मी पाहिला होता. माझे पहिले मालक क्लॅरी आणि आयव्ही. क्लॅरीची बेकरी होती. थंडी सुरू झाली की दोघं मला घेऊन उत्तरेला जायची; आमच्या देशात ऊब उत्तरेला असते. माझ्यात मासे तळले, भांडण केलं, घोरली. माझ्या फटींत समुद्राची वाळू भरली. काही मोडलं की क्लॅरी मिळेल ते नवं आणून बसवायचा. रंग जुळतोय का, साल जुळतंय का, असलं त्याच्या मनातही यायचं नाही. गाडी धड चालली, बायको नीट घरी पोचली, झालं. तो गेला, आयव्हीला गाडी चालवता येईना, आणि पुतण्याने मला शेडमागे नेऊन सोडलं.

डॅरलने मला घरी आणलं आणि क्लॅरीने प्रेमाने केलेलं एकेक काम उपटून काढलं. "कसलं हे ठिगळ! कोण गाढव होता हा?" असं म्हणायचा. मला त्याच्या तोंडाची किळस आली.

त्याला जुन्या कॅम्पर गाड्यांच्या क्लबचं वेड होतं. वर्षातून एकदा सगळी मंडळी गावाच्या मैदानावर गाड्या रांगेत लावतात. मग परीक्षक वाकून वाकून बघतात. एखादा स्क्रूसुद्धा त्या काळचा नसला तर गुण कापतात. तिथे कोणी कोणाला "मुलं कशी आहेत?" विचारत नाही. "तुझ्या दाराच्या मुठी खऱ्या का रे?" असं विचारतात.

घरात केरिन होती, त्याची बायको. आणि विनी, सहा महिन्यांची पोर. डॅरल विनीचे मऊ सुती लंगोट न्यायचा आणि त्यांनी माझी चाकं पुसायचा.

"डॅरल, अरे तिच्या अंगाला लागतं ते कापड!"

"धुऊन ठेवीन गं. यासारखी चमक दुसऱ्या कशाने येत नाही."

माझी चाकं लखलखत होती आणि तिकडे पोर ओल्यात रडत होती. चमकताना इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मग ती नळी आली. इंजिनाला पेट्रोल पोचवणारी क्लॅरीची नळी चांगली धड होती. ती काढून डॅरलने क्लबातल्या नेव्हकडून दुसरी आणली. माझ्याच सालची, वरून कापडी विणीची, खोक्यातून कधी बाहेरच न निघालेली.

"कधी वापरलीच नाही, म्हणजे नवीच की!" तो म्हणाला.

वापरली नाही म्हणून रबर म्हातारं होत नाही का? ते खोक्यात पडल्या पडल्या कडक होतं, आतून तडकतं. वरचं कापड मात्र देखणं राहतं. हे क्लॅरीला माहीत होतं. या लोकांनाही माहीत असतं, पण गुणांपुढे दिसत नाही.

पहिल्याच फेरीनंतर केरिनने विनीचं पांघरूण नाकाशी धरलं. "डॅरल, याला पेट्रोलचा वास येतोय."

"जुनी गाडी आहे. तेवढा यायचाच. अत्तर समज तिचं."

"ही इंजिनाच्या डोक्यावर बसते रे! रात्रभर मी हिच्या छातीवर हात ठेवून बघते, श्वास चालू आहे ना. आणि तू अत्तर म्हणतोस? ती नळी बदल, नाहीतर आम्ही दोघी या गाडीत पाय ठेवणार नाही."

त्याने साध्या दुकानातली साधी नळी आणून लावली. केरिनने खाली वाकून स्वतः पाहिली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. माझाही.

प्रदर्शनाच्या सकाळी केरिन पोरीला दूध पाजत होती. डॅरल माझ्याखाली शिरला. नवी नळी काढली, ती कापडी परत लावली. "परीक्षणापुरतीच, राणी," मला थोपटत तो कुजबुजला. त्याचा तो तळवा मला ओल्या गोगलगाईसारखा वाटला. मी ओरडू शकत नव्हते. नंतर त्याने सहलीच्या जुन्या कपबशांचं खोकं आत ठेवलं. परीक्षकांपुढे गवतावर मांडायचं होतं ते. केरिनने येऊन विनीला मागच्या बाकावर तिच्या छोट्या सीटमध्ये पट्ट्यांनी बांधलं आणि शेजारी बसली. त्याने तिला काही सांगितलं नाही.

मैदानाच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागली होती. डॅरल मला चालूच ठेवून उतरला आणि नेव्हशी बोलायला पुढे गेला.

"काय रे डॅरल, यंदा बक्षिसाची ढाल नेतोस वाटतं!"

"नळीसुद्धा त्याच सालची आहे, नेव्ह! बघच तू."

मागे केरिनला वास आला. तिने हाक मारली, "डॅरल! ए डॅरल!" त्याने न वळताच हात हलवला. तिने मग वाट पाहिली नाही. पट्टे सोडले, पोरीला उचललं, दार सरकवलं आणि रस्त्यापलीकडे पळत सुटली. मागोमाग माझ्या पाठीतून धूर आला, आणि मग ज्वाळा.

"आग! डॅरल, तुझी गाडी!"

तो धावत आला. उघड्या दारातून आत वाकला. मला वाटलं, लेकीला शोधतोय. त्याने कपबशांचं खोकं उचललं, छातीशी धरलं आणि मागे पळाला.

फाटकाशी निधीसाठी सॉसेज-कांदे भाजून विकणारे गावातले अग्निशामक स्वयंसेवक चिमटे टाकून धावले आणि त्यांनी मला विझवलं. तेव्हा कुठे डॅरल किंचाळला, "विनी? विनी कुठाय?"

केरिन रस्ता ओलांडून आली. पोर तिच्या खांद्यावर घट्ट होती.

"तू आत वाकलास, तेव्हा तिची सीट रिकामी होती की भरलेली?"

त्याने माझ्या उघड्या, काळ्या दाराकडे पाहिलं.

"बघितलीस तरी का?"

हातातलं खोकं कुठे ठेवावं हेही त्याला कळेना. केरिनने वाट पाहिली. मग कोणाच्या तरी साध्या मोटारीत बसून ती आईकडे निघून गेली.

आता मी भंगारवाल्याच्या कुंपणाआड उभी आहे. पाठ जळून गेलीय. पावसाचं काळं पाणी पोटात साचतं, त्यात डासांची अंडी आहेत. तरी रविवारी हौशी माणसं येतात, माझ्या राखेत बोटं घालतात. परवा एक जण नाक चिकटवून म्हणाला, "पुढचा पत्रा अजून ओरिजिनल आहे बघ!" त्याच्या मागे पोटाशी बाळ बांधलेली त्याची बायको उभी होती.

तुमच्या ओळखीत असला कोणी हौशी असेल, तर त्याला नका सांगू. त्याला ऐकू जात नाही. त्याच्या बायकोला सांगा. म्हणावं, पेट्रोलचा वास आला की विचारत बसू नकोस, लेकरू उचल आणि उतर. आणि तिला म्हणावं, हे पुढच्या बाईलाही सांग.