बारा मीटरवरचा ठिपका

मित्रांनो, चार चाकं, रंगाची एक टाकी आणि करकरणारं हँडल, एवढाच माझा ऐवज. माउंट रॉस्किलच्या एका कॉलेजच्या फुटबॉल मैदानावर पांढऱ्या रेषा आखणारी मी एक जुनी ढकलगाडी आहे. इकडे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. त्यामुळे मुलं तेराव्या वर्षीच कॉलेजात जातात आणि आईबापांना उगीचच म्हातारं झाल्यासारखं वाटतं.

माझा जन्म हेन्डरसनच्या एका वर्कशॉपमधला. वीस वर्षं मी इमानाने रेषा ओढल्या. गोल करणाऱ्यांचे फोटो निघाले. रेषेचा फोटो कुणी काढत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग मैदान सांभाळणारे आजोबा निवृत्त झाले आणि मी शेडमध्ये कोळ्यांच्या संसाराला लागले.

तिथून मला बाहेर काढलं दादारावांनी. नोकरीत ते रस्त्यांची मोजणी करतात. त्यांची मुलगी मनाली मुलींच्या टीमची गोलकीपर. मदतीला पालक हवेत म्हटल्यावर बाकीचे मध्यंतरात मुलींना द्यायची संत्री कापायला पुढे झाले. दादाराव माझ्याकडे आले. त्यांनी माझ्या चाकांना चक्क खोबरेल तेल लावलं. इतका सुगंधी हंगाम मी पूर्वी पाहिला नव्हता.

हंगाम निघालाही तसाच. गेल्या वर्षी तळाला असलेली टीम सामन्यामागून सामना जिंकत गेली. शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. जिंकलो तर लीगचा चषक आमचा. नुसती बरोबरी झाली तरी तो समोरच्या कॉलेजचा. आदल्या दिवशीच्या पावसाने एका गोलसमोरचा पेनल्टीचा ठिपका पार धुऊन नेला होता. दादारावांनी शेडमध्ये टांगलेल्या मैदानाच्या जुन्या नकाशावर ‘१२’ वाचलं, टेपने गोलपासून बारा मीटर मोजले आणि माझ्याकडून नवा ठिपका काढून घेतला.

आम्ही एक-शून्यने पुढे होतो. शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली, नेमकी त्याच ठिपक्यावरून. मनालीने डावीकडे झेप घेऊन चेंडू अडवला. सगळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं.

सामन्यानंतर दादाराव मला धूत होते. त्यांच्या पत्नी शैलाताई शेडमधला नकाशा बघत होत्या.

“अहो, हे बारा यार्ड आहेत.”

“मीटर असणार.”

“खाली कोपऱ्यात लिहिलंय. चष्मा लावा.”

दादारावांनी चष्मा लावला. बारा यार्ड म्हणजे अकरा मीटरही पुरते नाहीत. ठिपका मीटरभर लांब पडला होता आणि तेवढ्याने चेंडू अडवणं सोपं झालं होतं.

“रस्ते तरी नीट मोजता ना हो?” शैलाताई म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

मनाली चिखलाने माखलेले ग्लोव्हज घेऊन दारात उभी होती. “पप्पा, नोबडी नोज.”

“मला कळलंय ना, बाळा.”

तिने माझ्याकडे रागाने पाहिलं, जणू ठिपका मीच काढला होता. तसा मीच काढला होता. “ओके, टेल देम,” ती म्हणाली. “बट आय हेट यू टुडे.”

“आजच्यापुरतं चालेल,” दादाराव म्हणाले आणि कोचना सांगायला गेले.

दोन्ही कॉलेजं आणि लीग यांच्यात ठरलं: बुधवारी, योग्य अंतरावरून, त्यांच्या त्याच मुलीने तीच पेनल्टी पुन्हा घ्यायची. दादारावांनी सगळ्यांसमोर मोजून नवा ठिपका काढला. टेप त्यांनी तीनदा लावून पाहिला आणि मला इंचाइंचाने पुढेमागे सरकवलं. ठिपका अंड्यासारखा उमटला, पण जागेवर. मुलीने चेंडू वरच्या कोपऱ्यात मारला. मनालीची बोटं वीतभर कमी पडली. बरोबरी झाली आणि चषक त्यांच्या बसमध्ये बसून निघून गेला.

चार दिवस मनाली वडिलांशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बापलेक शेड आवरत असताना समोरच्या कॉलेजच्या कोचचा फोन आला. दादारावांचे हात रंगाने माखलेले, म्हणून मनालीने स्पीकर लावला.

“किया ओरा, नमस्कार दादाराव. पुढच्या हंगामात आमचंही मैदान तुम्हीच आखून द्याल का?”

“मी?” दादाराव म्हणाले. “पण मीच तर चुकलो होतो.”

“हो. आणि ते आम्हाला कळलं कुणाकडून?”

मनाली खो खो हसत सुटली. “पप्पा, दे वॉन्ट यू! सीरियसली!”

मित्रांनो, आता मी दोन मैदानांवर राबते. माझ्या वयाला हा मान थोडा नाही, आणि तो ज्यांच्यामुळे मिळाला त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्याकडचं जुनं यंत्र पुसून, झाकून ठेवत जा. आणि एखादा माणूस आपली चूक आपल्या पायांनी येऊन सांगू लागला, तर त्याला अडगळीत टाकू नका. पुढचं काम त्यालाच द्या.